तलंगा खाईनात तेव्हा

परसात पाच-दहा कोंबड्या असलेल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. पिशवीतले खाद्य टाकले तर तलंगा दोन चोची मारून बाजूला होतात, आणि भाताचे भांडे दिसले की अंगावर उड्या घेतात. लहान पिल्ले समोर येईल ते टिपतात. अंड्यावरची जुनी कोंबडी भुकेच्या ओढीने सगळे संपवते. नाक मुरडते ती मधल्या वयाची तलंग, म्हणजे साधारण दोन महिन्यांपासून पहिले अंडे घालीपर्यंतची मादी. पंचाईत अशी की याच तीन-चार महिन्यांत तिची हाडे भरतात, अंगावर मांस चढते, अंडाशय तयार होऊ लागतो. या काळात पोटात जे गेले नाही त्याची भरपाई पुढे कितीही खाद्य ओतले तरी पुरती होत नाही. खुरटलेली तलंग उशिरा अंड्यावर येते आणि बारीक अंडी घालते. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून सोडून देण्याआधी ती का खात नाही हे पाहायला हवे.

सुरुवात कळपाकडे बघून करा. एकटीच तलंग खात नसेल तर संशय आजाराचा धरायचा. सगळ्याच खात नसतील, पण उकरणे, पळणे, भांडणे नेहमीसारखे चालू असेल तर खाद्यात, पाण्यात किंवा मांडणीत काहीतरी खटकते आहे.

आजाराची शंका असेल तर तलंगेला हातात घ्या. कोंबडीच्या गळ्याच्या बुडाशी, छातीच्या थोडी वर, उजव्या अंगाला अन्नाची पिशवी असते. अंधार पडल्यावर कोंबड्या खुराड्यात बसल्या की ती बोटांनी चाचपावी. दिवसभर पोटभर खाल्लेल्या तलंगेची पिशवी भरलेली आणि मऊ लागते. पहाटे, दाणे टाकण्याआधी, तीच पिशवी रिकामी लागली पाहिजे. सकाळीही ती घट्ट गोळ्यासारखी लागत असेल तर लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक आत अडकले असण्याची शक्यता आहे. पाण्याच्या फुग्यासारखी लागत असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर आतले अन्न नासले आहे. अशा कोंबडीला उलटे धरून पिळू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊन ती दगावते. तिला पशुवैद्यकाकडे न्या.

पाठोपाठ छातीचे हाड चाचपा. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ती खाते आहे, तुम्हाला फक्त दिसत नाही. हाड सुरीच्या धारेसारखे वर आले असेल तर ती बऱ्याच दिवसांपासून उपाशी आहे किंवा पोटात जंत आहेत. मोकळ्या फिरणाऱ्या तलंगांना जंत होतातच. जंताचे औषध तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, वजनाप्रमाणे द्यावे. शीट लालसर, रक्तमिश्रित दिसली तर कॉक्सीडिओसिसचा, म्हणजे रक्ती हगवणीचा धोका असतो. खुराड्यातला भुसा पावसाळ्यात ओला राहिला की हा आजार वाढतो, आणि त्यात थांबायला वेळ नसतो. तोंडात पिवळट चट्टे किंवा तुऱ्यावर, डोळ्यांच्या कडेला खवले दिसले तर देवी. तिथे तलंगेला खायची इच्छा असते, पण गिळता येत नाही. मान वाकडी होणे, हिरवट पातळ शीट, धाप ही मानमोडीची लक्षणे आहेत. तिच्यावर औषध नाही, वेळेवर दिलेली लस हाच बचाव. साधारण आठ आठवड्यांच्या वयात दिली जाणारी मानमोडीची लस तुमच्या तलंगांना मिळाली आहे का, हे विकत घेतानाच विचारून घ्या.

आजार नाही अशी खात्री झाली की पुढचा प्रश्न तलंग कुठून आली हा. हल्ली घराघरांत गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींच्या तलंगा असतात. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतही आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट अनुदानावर दिला जातो. या तलंगा यंत्रात उबवलेल्या आणि शेडमध्ये वाढलेल्या. त्यांनी आईच्या पायात फिरून काही शिकलेले नाही. गावरान कोंबडी पिल्लांना घेऊन हिंडते तेव्हा दाणा सापडला की ‘कुक-कुक’ करून बोलावते, दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकते आणि पिल्लांकडून तो टिपवून घेते. काय खायचे, हे त्या पिल्लांना आई शिकवते. शेडमधल्या तलंगेने जन्मापासून लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या भांड्यातला एकसारखा चुरा पाहिलेला असतो आणि पाणी निपलमधून प्यायलेले असते. तिच्यासमोर परातीत अख्खी ज्वारी आणि पाटीत पाणी ठेवले तर तिला ती खायची-प्यायची वस्तू आहे हेच कळत नाही. शिवाय कोंबडीची जात नव्या वस्तूला बिचकणारी. भांडे बदलले, खाद्याचा रंग बदलला, तरी त्या पहिला दिवस लांबूनच पाहतात.

म्हणून तलंगा घेताना विकणाऱ्याकडे जे खाद्य चालू आहे तेच चार-पाच किलो बरोबर घ्या आणि जमल्यास तशीच भांडीही. पहिला आठवडा काही बदलू नका. मग जुन्यात नवे खाद्य आधी पाव हिस्सा, दोन-तीन दिवसांनी निम्मे, असे वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला. पाण्याच्या भांड्यात एकदोघींची चोच हलकेच बुडवून दाखवली की बाकीच्या बघून शिकतात. खाद्याच्या भांड्यावर बोटाने टकटक करत राहणे हीसुद्धा जुनी आणि खरोखर उपयोगी युक्ती आहे. त्यांना ते दुसरी कोंबडी चोच मारत असल्यासारखे वाटते आणि त्या जवळ येतात. एखादी थोरली, शांत स्वभावाची गावरान कोंबडी आठवडाभर सोबत ठेवता आली तर त्याहून चांगले, मात्र ती निरोगी आणि लस दिलेली हवी. शेडमधून आणलेल्या काही तलंगांच्या चोचीचे टोक कापलेले असते, तेही पाहून घ्या. अशा तलंगेला सपाट जमिनीवरचा बारीक दाणा उचलता येत नाही. तिला खोलगट भांड्यात बोटभर थर करून खाद्य द्यावे लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. कोंबडी जिभेच्या चवीवर फारशी खात नाही. माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या हजारोंनी असतात, कोंबडीच्या तोंडात काही शेकडाच. गोड चव ओळखणारी व्यवस्था तिच्यात नाही. मिरचीचा तिखटपणा तिला झोंबत नाही. तिची निवड चालते ती नजरेवर आणि चोचीच्या टोकाला लागणाऱ्या आकारावर. तिला रंग माणसापेक्षा जास्त बारकाईने दिसतात, आणि चोचीत सहज धरता येईल असा कण ती आधी उचलते. दळलेल्या मिश्र खाद्यात मक्याचे जाड तुकडे वर दिसतात, ते ती वेचून घेते. तळाशी पिठासारखी भुकटी उरते. घरातल्यांना वाटते, नको असलेले टाकून दिले. पण खनिजे, जीवनसत्त्वे, प्रथिनांचा मोठा भाग याच भुकटीत असतो. दररोज वरचा मका खाऊन खालचे टाकणारी तलंग पोट भरलेले असूनही कुपोषित राहते.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे खाद्य भिजवणे. कोरड्या खाद्यात पाणी घालून हाताने कालवा. मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि सोडल्यावर भुसभुशीत होऊन सुटावा, इतकेच ओले. पातळ पेज नको. भुकटी कणांना चिकटते, निवडायला वाव राहत नाही, आणि ओल्या खाद्यावर तलंगा कोरड्यापेक्षा जास्त उत्साहाने तुटून पडतात. पाण्याऐवजी ताक वापरले तरी चालते. अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवावे, उरलेले उचलून भांडे धुवावे. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात, ओले खाद्य काही तासांत आंबते आणि तसेच पडून राहिले तर त्यावर बुरशी धरते. दुसरी काळजी अशी की कोरडे खाद्य टाकताना भांडे भरभरून ठेवू नका. एक तृतीयांश भरा आणि दिवसातून एकदा ते तळापर्यंत संपू द्या. सतत भरलेल्या भांड्यात वेचायची सवय लागते आणि भुकटी साचत जाते. कंपनीचे गोळी किंवा चुरा खाद्य परवडत असेल तर भुकटीचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक गोळीत सगळे घटक सारखे असतात.

दुसरे कारण घरातल्या प्रेमाचे आहे आणि ते मोडणे अवघड जाते. सकाळी उठल्याबरोबर रात्रीचा भात, पोळीचे तुकडे कोंबड्यांपुढे टाकायची रीत घराघरांत आहे. भातात ऊर्जा भरपूर, प्रथिने नावापुरती. तलंगेची पिशवी भाताने भरली की नऊ वाजता टाकलेल्या चांगल्या खाद्याकडे ती ढुंकून पाहत नाही, आणि आपण म्हणतो तिला खाद्य आवडत नाही. क्रम उलटा करा. उजाडल्यावर, खुराडे उघडण्याआधी, मिश्र खाद्य भरून ठेवा. रात्रभराच्या उपवासानंतर कोंबडी सगळ्यात जास्त भुकेली असते, त्या वेळी समोर पूर्ण आहारच असला पाहिजे. दुपारी पाला आणि मोकळे फिरणे. उरलेसुरले अन्न दुपारनंतर, आणि तेही एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच. संध्याकाळी खुराड्यात जाण्यापूर्वी मूठभर ज्वारी, बाजरी किंवा मक्याची भरड टाका. असा जाड दाणा रात्रभर हळूहळू पचत राहतो आणि दाण्याच्या लोभाने तलंगा वेळेवर घरी येतात. क्रम बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्या भाताच्या वेळेला दाराशी येऊन गोंगाट करतील. तेव्हा ठाम राहावे लागते. पुढ्यात चांगले खाद्य आणि पाणी असताना निरोगी तलंग स्वतःला उपाशी मारत नाही.

किती द्यायचे याचा अंदाज असू द्या. दोन महिन्यांची सुधारित जातीची तलंग दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाते, चार महिन्यांची ७० ते ८० ग्रॅम, आणि अंड्यावर आल्यावर १०० ते १२० ग्रॅम. परसात भरपूर चरायला असेल तर यातला बराच भाग ती स्वतः मिळवते. म्हणून खाद्य शिल्लक राहिले तर आधी ती बाहेर काय खाऊन आली ते पाहा. पावसाच्या सुरुवातीला किडे-गांडुळे मुबलक असतात तेव्हा खाद्य शिल्लक राहते आणि ते चांगलेच लक्षण आहे.

या वयाला ‘ग्रोअर’ खाद्य लागते. पिल्लांच्या खाद्यात प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास असतात, ग्रोअरमध्ये १६. अंड्यावरच्या कोंबड्यांचे ‘लेअर’ खाद्य स्वस्त मिळाले म्हणून तलंगांना घालू नका. त्यात कॅल्शियम तीन-साडेतीन टक्के असते, तलंगेला एक टक्का पुरते. जास्तीचे कॅल्शियम बाहेर टाकताना तिचे मूत्रपिंड खराब होते.

घरी खाद्य करायचे असेल तर दहा किलोसाठी साधारण असे प्रमाण धरता येईल : मका, ज्वारी किंवा बाजरीची भरड साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड दोन किलो, तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा सव्वादोन किलो, कोंबड्यांसाठीचे खनिज मिश्रण पाव किलो आणि मीठ ३० ग्रॅम. भरड रव्याइतकी बारीक करू नका, गिरणीवाल्याला कणीएवढी जाड ठेवायला सांगा. खाद्य न खाण्याची अर्धी तक्रार इथेच मिटते, कारण फार बारीक पीठ तलंगेच्या चोचीला चिकटते आणि ती ते टाळते. किनारपट्टीवर सुकट स्वस्त असते, तिचा भुगा मूठभर मिसळला तर प्रथिनांचा दर्जा वाढतो. मात्र खारवलेली मासळी असेल तर धुऊन, वाळवून मगच घाला आणि वरचे मीठ कमी करा. सोयाबीन कच्चे दळून घालू नका. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो, तो उष्णतेनेच नाहीसा होतो. पेंड तयार होताना ते घडलेले असते, घरचे सोयाबीन वापरायचे तर खमंग भाजून घ्या.

जनावरांच्या गोठ्यातली सरकी पेंड सोयीची वाटते, पण तिच्यात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते कोंबडीला बाधते, आणि पुढे अंड्यातला बलक हिरवट-तपकिरी पडतो. गायी-म्हशींच्या खुराकात युरिया मिसळलेला असू शकतो, तोही कोंबड्यांना नको. शेंगदाणा पेंड आणि मका यांना ओल लागली की जी बुरशी धरते तिच्यातून अफलाटॉक्सिन तयार होते. ते यकृत खराब करते, आणि वरून बुरशी झटकून किंवा ऊन देऊन जात नाही. वासाला कुबट, हाताला गुठळ्या लागणारे खाद्य तलंगा नाकारत असतील तर त्यांचे ऐका आणि ते फेकून द्या. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे, पोते फळीवर आणि भिंतीपासून सुटे ठेवावे. कच्चा राजमा, हिरवट पडलेल्या बटाट्याच्या साली, लोणच्याचा खार, फरसाण हे टाळा. तिखटाने त्यांचे काही बिघडत नाही, मिठाने बिघडते.

खाद्य उत्तम असूनही तलंगा खात नसतील तर पाणी बघा. कोंबडी जेवढे खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि पाणी कमी पडले की खाणे त्याच दिवशी कमी होते. उन्हात ठेवलेल्या प्लास्टिकच्या भांड्यातले पाणी तापते आणि कोंबड्या ते प्यायचे टाळतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये मातीचे परळ सावलीत ठेवा, दिवसातून दोन-तीनदा पाणी बदला. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते, आणि खाल्लेले पचवताना अंगात उष्णता निर्माण होते म्हणून भर दुपारी ती खाण्याकडे फिरकतच नाही. त्या दिवसांत खाद्य पहाटे पाच-सहाला आणि पुन्हा उन्हे उतरल्यावर द्या. दुपारी आग्रह नको.

भांडे कुठे आहे हेही महत्त्वाचे. कोंबडी अंधारात खात नाही, त्यामुळे खुराड्याच्या काळोख्या कोपऱ्यातले भांडे तिच्या लेखी नसल्यासारखेच. भांड्याची कड तिच्या पाठीच्या उंचीला आली की खाद्य सांडत नाही आणि त्यात शीटही पडत नाही. प्रत्येक तलंगेला चार बोटे तरी जागा मिळायला हवी. कळपात मानाची उतरंड असते. वरच्या कोंबड्या खालच्यांना टोचून हाकलतात, आणि हाकललेली तलंग लांब उभी राहते. बघणाऱ्याला वाटते तिला भूक नाही. पाच-सहा कोंबड्यांनाही दोन भांडी ठेवा, ती एकमेकांच्या नजरेआड, मध्ये एखादा पत्रा किंवा टोपली येईल अशी. दुसऱ्याच दिवशी ती तलंग खाताना दिसेल.

पाला आणि किडे यांच्याबद्दल मात्र सढळ हात असू द्या. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, लसूणघास यांच्या जुड्या बांधून तलंगांच्या डोक्याच्या उंचीला टांगा. जमिनीवर टाकलेला पाला तुडवला जातो, टांगलेला त्या उड्या मारून तोडून खातात. गवत द्यायचे तर बारीक चिरून द्या, लांब दोऱ्यांनी पिशवी तुंबते. अझोला एखाद्या छोट्या खड्ड्यात प्लास्टिक अंथरून सहज वाढतो आणि वाळलेल्या अझोल्यात पाव हिस्सा प्रथिने असतात. पण अनोळखी म्हणून पहिल्यांदा तलंगा तो खात नाहीत. धुऊन, निथळून, भिजवलेल्या खाद्यात मिसळून सवय लावावी लागते. जुन्या लोकांची वाळवीची रीत अजून तितकीच कामाची आहे : मडक्यात शेण, काडीकचरा आणि थोडे पाणी घालून ते वाळवी असलेल्या जागी संध्याकाळी पालथे घालायचे. सकाळपर्यंत आत वाळवी भरते. रुसलेल्या, अशक्त तलंगेला खाण्याकडे वळवायला याच्याइतके चांगले काही नाही. फक्त त्या जागी कीटकनाशक मारलेले नसावे.

कोंबडीला दात नाहीत, दाणा दळायचे काम पेषणीतले, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीतले, खडे करतात. मोकळ्या फिरणाऱ्या तलंगा ते स्वतः उचलतात. बांधून ठेवलेल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी बारीक खडी वेगळ्या वाटीत ठेवावी लागते, नाहीतर अख्खे धान्य पचत नाही आणि भूक मंदावते.

तुरा लालभडक होऊ लागला, पाठीवर हात ठेवताच तलंग पंख पसरून खाली बसू लागली, की अंडे दोन-तीन आठवड्यांवर आले असे समजा. सुधारित जातींत हे पाच-सहा महिन्यांच्या सुमारास होते, गावरान तलंग थोडा जास्त वेळ घेते. आता ग्रोअरमध्ये हळूहळू लेअर खाद्य मिसळायला सुरुवात करा आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. तो खाद्यात मिसळू नका. अंड्यावर आलेल्या कोंबडीला कॅल्शियमची गरज कळते आणि ती, विशेषतः संध्याकाळी, जाऊन हवा तेवढा चुरा खाते. जिला अजून वेळ आहे ती त्याला फारशी चोच लावत नाही. पहिले अंडे घालण्याच्या आधीचे दोन दिवस काही तलंगा खाणे कमी करतात आणि सारख्या कोपरे शोधत फिरतात. तेव्हा त्यांना अडोशाची, पेंढा घातलेली पाटी द्या आणि खाद्य बदलायला जाऊ नका. अंडे घातल्यावर त्या आपणहून भांड्याशी येतात.